वार्धक्याशी झुंजणारा शास्त्रज्ञ

प्रस्तावना

वार्धक्य टळावे, गेलेले तारुण्य परत मिळावे, ही माणसाची फार जुनी इच्छा आहे. महाभारतातील ययाती राजाने आपले वार्धक्य पुरू या पुत्राला देऊन त्याचे तारुण्य घेतले, ही कथा सर्वांना परिचित आहे. जराजर्जर च्यवन ऋषींना अश्विनीकुमारांनी पुन्हा तरुण केले, ही कथाही तितकीच प्रसिद्ध आहे. एकोणिसाव्या शतकात एका नामवंत शास्त्रज्ञाने हीच इच्छा प्रयोगशाळेत नेली. त्याचा तो प्रयोग फसला. परंतु त्यामागील विचारातून संप्रेरकांच्या, म्हणजेच हॉर्मोनच्या अभ्यासाला मोठी चालना मिळाली. प्रस्तुत पाठात त्या शास्त्रज्ञाच्या, म्हणजे चार्ल्स एदुआर ब्राउन-सेकार यांच्या, जीवनाचा परिचय करून दिला आहे.

मूळ पाठ

पोरके बालपण

हिंदी महासागरातील मॉरिशस बेटावर, पोर्ट लुई या शहरी, ८ एप्रिल १८१७ रोजी ब्राउन-सेकार यांचा जन्म झाला. मॉरिशसवर त्या वेळी नुकतीच इंग्रजांची सत्ता आली होती. लोकजीवनात मात्र फ्रेंच भाषा आणि फ्रेंच चालीरीती टिकून होत्या. पुढे याच शतकात कोकणातून मजुरीसाठी गेलेली अनेक मराठी कुटुंबे याच बेटावर स्थायिक झाली.

त्यांचे वडील एडवर्ड ब्राउन हे मूळचे अमेरिकेतील फिलाडेल्फियाचे. व्यापारी जहाजाचे ते कप्तान होते. मुलाचा जन्म होण्यापूर्वीच ते सागरात नाहीसे झाले. शार्लोत सेकार ही त्यांची पत्नी फ्रेंच वंशाची. पतीच्या पश्चात शिवणकाम करून तिने मुलाला वाढवले. घरची गरिबी असल्यामुळे मुलाला कोवळ्या वयातच दुकानात नोकरी धरावी लागली. तरीही वाचनाची आणि लेखनाची आवड त्याने सोडली नाही. आपण मोठे साहित्यिक व्हावे, हे त्याचे स्वप्न होते.

१८३८ मध्ये आई आणि मुलगा पॅरिसला आले. मुलाने आपली हस्तलिखिते शार्ल नोदिए या प्रसिद्ध लेखकाला दाखवली. लेखनावर पोट भरण्याच्या भरीस पडू नये, असा स्पष्ट सल्ला नोदिए यांनी दिला. तरुणाचे स्वप्न भंगले. त्याने वैद्यकशास्त्राचा मार्ग धरला. पॅरिसमध्ये आईने मॉरिशसहून आलेल्या विद्यार्थ्यांसाठी राहण्या-जेवण्याची सोय चालवली आणि त्या मिळकतीवर मुलाचे शिक्षण सुरू राहिले. हे शिक्षण पूर्ण होण्यापूर्वीच तिचा मृत्यू झाला. मुलाला हा आघात फार लागला. वडिलांच्या ब्राउन या आडनावाला आईचे सेकार हे आडनाव जोडून त्याने तिची आठवण आयुष्यभर स्वतःच्या नावात जपली.

स्वतःच्या देहावर प्रयोग

१८४६ मध्ये ब्राउन-सेकार यांनी वैद्यकाची पदवी मिळवली. पाठीच्या कण्यातून जाणारा मज्जारज्जू हा त्यांच्या अभ्यासाचा विषय होता. मज्जारज्जूला फक्त एका बाजूने इजा झाली, तर त्याच बाजूचे स्नायू लुळे पडतात; मात्र वेदना आणि उष्ण-थंड यांची जाणीव विरुद्ध बाजूची नाहीशी होते, हे त्यांनी दाखवून दिले. या लक्षणसमूहाला आजही त्यांचेच नाव आहे. जगभरातील वैद्यकीय विद्यार्थी तो याच नावाने शिकतात.

संशोधनाची कीर्ती वाढत होती, परंतु पैसा नव्हता. राहत्या खोलीत प्राणी पाळून, तेथेच प्रयोग करून ते दिवस काढत. प्रयोगासाठी दुसरे साधन मिळाले नाही, तर ते स्वतःचे शरीर वापरीत. पोटातील पाचक रस मिळवण्यासाठी ते दोऱ्याला बांधलेले स्पंजाचे तुकडे गिळत आणि पुन्हा बाहेर ओढून काढीत. या सवयीमुळे खाल्लेले अन्न आपोआप तोंडात परत येण्याचा त्रास त्यांना जडला आणि तो आयुष्यभर राहिला.

१८५४ मध्ये ते मॉरिशसला गेले असता तेथे पटकीची भयंकर साथ पसरली. ब्राउन-सेकार यांनी रुग्णांची सेवा केली. अफूच्या अर्काने पटकी बरी होते की नाही, हे त्यांना पाहायचे होते. त्यासाठी त्यांनी रुग्णाच्या वांतीचा अंश स्वतः गिळला आणि मग अफूचा अर्क घेतला. सुदैवाने ते वाचले. त्यांच्या सेवेबद्दल पोर्ट लुईच्या नागरिकांनी त्यांचा पदक देऊन गौरव केला. हे धाडस थोर होते, पण त्यात एक उणीवही होती. एकाच माणसावर, आणि तोही स्वतः संशोधकच असताना, केलेल्या प्रयोगातून खात्रीचा निष्कर्ष काढता येत नाही. ही उणीव पुढे त्यांच्या आयुष्यातील सर्वांत गाजलेल्या प्रयोगाच्या वेळी उघडी पडणार होती.

ग्रंथींचे गूढ

मानवी शरीरात काही ग्रंथी अशा आहेत, की त्यांचा रस नळीवाटे बाहेर पडत नाही. गळ्यातील अवटू ग्रंथी, मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या अधिवृक्क ग्रंथी या त्यांपैकी होत. त्या काळी त्यांचे कार्य कोणालाच नीट ठाऊक नव्हते. १८४९ मध्ये जर्मनीतील ग्योटिंगेन येथे आर्नोल्ड बेर्थोल्ड यांनी कोंबड्यांवर एक प्रयोग केला. वृषण काढून टाकले की कोंबड्याचा तुरा सुकतो, आरवणे बदलते. मात्र काढलेले वृषण त्याच्या पोटात पुन्हा ठेवले, तर जुने मज्जातंतू तुटलेले असूनही तो पूर्वीसारखाच आरवू लागतो, असे त्यांना दिसले. वृषणातून काहीतरी रक्तात मिसळत असले पाहिजे, असा त्याचा अर्थ होता. परंतु या शोधाकडे फारसे कोणाचे लक्ष गेले नाही.

१८५५ मध्ये इंग्लंडमधील डॉक्टर थॉमस ॲडिसन यांनी अधिवृक्क ग्रंथी बिघडल्यामुळे होणाऱ्या एका घातक रोगाचे वर्णन प्रसिद्ध केले. ते वाचून ब्राउन-सेकार यांनी लगेच प्रयोग हाती घेतले. प्राण्यांच्या दोन्ही अधिवृक्क ग्रंथी काढून टाकल्या, तर ते फार काळ जगू शकत नाहीत, असे त्यांनी १८५६ मध्ये जाहीर केले. एवढीशी ग्रंथी, पण तिच्यावाचून जीवन अशक्य! या निरीक्षणाने त्यांच्या मनात एका विचाराचे बीज रोवले. प्रत्येक ग्रंथी रक्तात काही उपयुक्त द्रव्य सोडत असावी आणि ते द्रव्य कमी पडले की शरीर खंगत असावे, हा तो विचार होय.

पुढील वीस वर्षे ब्राउन-सेकार स्थिर असे कोठेच राहिले नाहीत. लंडनमध्ये पक्षाघात व अपस्मार यांच्या रुग्णांसाठी निघालेल्या रुग्णालयाच्या पहिल्या डॉक्टरांमध्ये ते होते. अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठात ते प्राध्यापक झाले. पॅरिस, लंडन, बोस्टन, न्यूयॉर्क अशी त्यांची ये-जा चालूच असे. अखेर १८७८ मध्ये थोर शास्त्रज्ञ क्लोद बेर्नार यांच्या निधनानंतर पॅरिसच्या कोलेज द फ्रान्स या संस्थेतील त्यांचे अध्यासन ब्राउन-सेकार यांना मिळाले. एकसष्टाव्या वर्षी त्यांची भटकंती थांबली.

१ जून १८८९

मान मिळाला, स्थैर्य मिळाले, परंतु शरीर साथ देईना. बहात्तराव्या वर्षी प्रयोगशाळेत अर्धा तास उभे राहिले की त्यांना बसावे लागे. तीन-चार तासांच्या बैठ्या कामानेही ते पार थकून जात. रात्री जेवणानंतर लेखन करणे तर त्यांनी कित्येक वर्षांपूर्वीच सोडून दिले होते. ज्याने आयुष्यभर अहोरात्र कष्ट केले, त्याला ही दुर्बलता असह्य वाटणे स्वाभाविक होते.

वृषणांतून रक्तात जाणारे द्रव्य कमी झाल्यामुळेच पुरुषाला वार्धक्याची दुर्बलता येते, अशी त्यांची समजूत होती. हे द्रव्य बाहेरून देता येईल, ही कल्पना त्यांनी १८६९ मध्येच मांडली होती. आता ती त्यांनी स्वतःवर अजमावली. कुत्रा आणि गिनीपिग या प्राण्यांचे वृषण कुटून, पाण्यात मिसळून, गाळून त्यांनी अर्क तयार केला आणि १५ मे १८८९ पासून तो सुईने स्वतःच्या कातडीखाली टोचून घेतला. टोचलेल्या जागी तीव्र वेदना होत. तरीही त्यांनी प्रयोग थांबवला नाही.

१ जून १८८९ रोजी पॅरिसच्या जीवविज्ञान सभेपुढे त्यांनी आपला अनुभव निवेदन केला. समोर बसलेले अनेक सभासद स्वतःही वयोवृद्धच होते. आपण आता तासन्‌तास उभे राहून काम करू शकतो, जिने धावत चढतो, जेवणानंतर पुन्हा लेखन करतो, असे त्यांनी सांगितले. शक्तिमापक यंत्रावर हाताची ताकद पूर्वीपेक्षा सुमारे सहा-सात किलोंनी वाढल्याचे आकडेही त्यांनी दिले. टोचणे बंद केल्यावर काही आठवड्यांत जुनी दुर्बलता परत आली, हेही त्यांनी लपवले नाही. हा परिणाम आपल्या मनाच्या समजुतीमुळे तर झाला नसेल ना, हे ठरवण्यासाठी इतर वृद्ध डॉक्टरांनी हाच प्रयोग करून पाहावा, असे आवाहनही त्यांनी केले.

परंतु जगाला एवढा धीर कोठून असणार? तारुण्याचे अमृत सापडले, अशी आवई उठली. वर्तमानपत्रांतून एकीकडे कौतुक तर दुसरीकडे टिंगल सुरू झाली. ब्राउन-सेकार आणि त्यांचे सहकारी आर्सेन दार्सोंव्हाल हे डॉक्टरांना चाचणीसाठी अर्क विनामूल्य पाठवीत. त्यातून त्यांनी धन मिळवले नाही. मात्र अनेक भोंदूंनी तशाच नावाची औषधे विकून स्वतःची तुंबडी भरली. जन्मभर कमावलेल्या कीर्तीला उपहासाचा डाग लागला. अनेक सहव्यवसायी म्हणू लागले, की या गृहस्थाची बुद्धी आता वयाने मंदावली आहे.

चूक कोठे झाली?

ब्राउन-सेकार खोटे बोलत नव्हते. त्यांना जे जाणवले, तेच त्यांनी सांगितले. मग चूक कोठे झाली? ज्या द्रव्याचा ते शोध घेत होते, ते टेस्टोस्टेरॉन होय. हे द्रव्य पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. शिवाय वृषणात ते साठूनही राहत नाही. तयार होताच ते रक्तात जाते. १९३५ मध्ये ॲमस्टरडॅम येथे ते प्रथम शुद्ध स्वरूपात मिळाले, तेव्हा जवळजवळ शंभर किलो वजनाच्या बैलांच्या वृषणांतून अवघे दहा मिलिग्रॅम द्रव्य निघाले. मग चिमूटभर मांसाच्या पाण्यातील अर्कात ते कितीसे असणार? २००२ मध्ये ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी कुत्र्याच्या वृषणांपासून ब्राउन-सेकार यांच्याच पद्धतीने अर्क तयार करून तपासला. त्यातील टेस्टोस्टेरॉन शरीरावर परिणाम करण्याइतके मुळीच नव्हते.

याचाच अर्थ असा, की वृद्ध शास्त्रज्ञाला आलेली शक्ती औषधाची नव्हती, अपेक्षेची होती. आपल्याला बरे वाटणार, अशी दृढ आशा असली की माणसाला खरोखर काही काळ बरे वाटते. म्हणूनच आज नव्या औषधाची चाचणी घेताना काही रुग्णांना औषध आणि काही रुग्णांना तशीच दिसणारी निरुपद्रवी गोळी देतात. कोणाला काय मिळाले, हे रुग्णाला आणि डॉक्टरलाही कळू देत नाहीत. जो माणूस इतरांच्या विधानांची कसून परीक्षा घेई, तो स्वतःच्या आशेची परीक्षा मात्र एकट्याने घेऊ शकला नाही.

फसलेल्या प्रयोगाचे फळ

तथापि मूळ विचार खरा होता. १८९१ मध्ये ब्राउन-सेकार आणि दार्सोंव्हाल यांनी तो अधिक व्यापक स्वरूपात मांडला. शरीरातील सर्व ग्रंथी रक्तात काही विशेष द्रव्ये सोडतात. ज्या ग्रंथीचे काम बंद पडले असेल, तिचा अर्क देऊन रोग बरा करता येईल, असे त्यांचे प्रतिपादन होते.

त्याच वर्षी इंग्लंडमधील न्यूकॅसलचे तरुण डॉक्टर जॉर्ज मरे यांनी हा मार्ग चोखाळला. अवटू ग्रंथी निकामी झाल्यामुळे शरीर सुजलेल्या, हालचाल व विचार दोन्ही मंदावलेल्या ४६ वर्षांच्या एका स्त्रीला त्यांनी मेंढीच्या अवटू ग्रंथीचा अर्क टोचला. थोड्याच महिन्यांत तिची सूज उतरली, बोलणे-चालणे सुधारले. नियमित उपचारांमुळे ती आणखी २८ वर्षे, म्हणजे वयाच्या चौऱ्याहत्तराव्या वर्षापर्यंत जगली. वृषणाचा अर्क निष्फळ ठरला आणि अवटूचा अर्क गुणकारी ठरला, याचे कारण सरळ आहे. अवटू ग्रंथी आपले द्रव्य स्वतःत साठवून ठेवते. त्यामुळे ते अर्कात उतरते.

हे यश ब्राउन-सेकार यांना पाहता आले. १८९४ च्या आरंभी त्यांच्या पत्नीचे निधन झाले. त्या दुःखातून ते सावरले नाहीत. त्याच वर्षी एप्रिलच्या आरंभी, सत्त्याहत्तरावा वाढदिवस काही दिवसांवर असताना, पॅरिसमध्ये त्यांचा मृत्यू झाला.

त्यांच्यामागे ही विद्या झपाट्याने वाढली. १९०२ मध्ये लंडन येथे विल्यम बेलिस आणि अर्नेस्ट स्टार्लिंग यांनी आतड्यातून रक्तावाटे स्वादुपिंडाला संदेश नेणारे द्रव्य शोधून काढले. १९०५ मध्ये स्टार्लिंग यांनी अशा द्रव्यांसाठी हॉर्मोन हा शब्द वापरला. मूळ ग्रीक धातूचा अर्थ चेतवणे असा आहे. मराठीत त्यालाच संप्रेरक म्हणतात. १९२१ मध्ये कॅनडातील टोरांटो येथे स्वादुपिंडातील इन्शुलिन मिळवण्यात यश आले आणि १९२२ पासून मधुमेहाच्या असंख्य रुग्णांना जीवदान मिळू लागले.

आजचे ज्ञान

वार्धक्य एकाच संप्रेरकाच्या अभावाने येत नाही, हे आता स्पष्ट झाले आहे. पुरुषांमधील टेस्टोस्टेरॉन साधारणतः तिशी-चाळिशीनंतर दरवर्षी सुमारे एक टक्का या मंद गतीने कमी होते. स्त्रियांमध्ये रजोनिवृत्तीच्या सुमारास इस्ट्रोजेन पुष्कळ घटते आणि हाडे ठिसूळ होऊ लागतात. वयाबरोबर स्नायू कमी होतात, पोटावरील चरबी वाढते, त्यामुळे इन्शुलिनचा प्रभाव कमी पडतो आणि मधुमेहाचा धोका वाढतो. अवटू ग्रंथी मंदावली तर थकवा, बद्धकोष्ठ, थंडी सहन न होणे, विसराळूपणा ही लक्षणे दिसतात. घरची माणसे ती वयाचीच लक्षणे समजतात. वस्तुतः साध्या रक्ततपासणीने हा दोष कळतो आणि रोजच्या गोळीने तो आटोक्यात राहतो.

संप्रेरके बाहेरून देण्याचा उपचार आज उपलब्ध आहे. परंतु तपासणीत कमतरता सिद्ध झाल्यावर, डॉक्टरांच्या देखरेखीखालीच तो घ्यावा लागतो. निव्वळ तारुण्य टिकवण्यासाठी तो घेतल्यास अपाय होऊ शकतो. याउलट नियमित चालणे, स्नायूंना ताण देणारा व्यायाम, पुरेशी प्रथिने असलेला मोजका आहार आणि शांत झोप यांमुळे वृद्धांचे स्नायू, हाडे आणि रक्तातील साखर यांना निश्चित लाभ होतो.

तारुण्य परत देण्याचा दावा करणाऱ्या औषधांच्या जाहिराती आजही थांबलेल्या नाहीत. त्या वाचताना ब्राउन-सेकार यांचे स्मरण ठेवणे उपयुक्त आहे. एवढा अनुभवी शास्त्रज्ञही आशेपुढे फसला, तर सामान्य माणसाने किती सावध असावे! मात्र त्यांचे स्मरण केवळ चुकीसाठी ठेवणे अन्यायाचे होईल. गेलेले तारुण्य त्यांना मिळाले नाही. परंतु त्यांनी दाखवलेल्या वाटेने पुढे गेलेल्या संशोधकांमुळे असंख्य लोकांना निरोगी वार्धक्य लाभले.

शब्दार्थ

जराजर्जर – वार्धक्याने खंगलेला
मज्जारज्जू – पाठीच्या कण्यातून जाणारा मज्जातंतूंचा दोर
पटकी – कॉलरा
अपस्मार – फेफरे, मिरगी
अध्यासन – विद्यापीठातील प्राध्यापकाचे मानाचे पद
तुंबडी भरणे – स्वार्थ साधून पैसा मिळवणे
मार्ग चोखाळणे – एखाद्या मार्गाने जाणे

पाठावर आधारित प्रश्न

१. ब्राउन-सेकार यांनी आपल्या नावात आईचे आडनाव का जोडले?
२. अधिवृक्क ग्रंथींवरील प्रयोगातून त्यांच्या मनात कोणता विचार आला?
३. वृषणाचा अर्क निष्फळ आणि अवटू ग्रंथीचा अर्क गुणकारी का ठरला?
४. नव्या औषधाची चाचणी घेताना कोणाला काय दिले, हे गुप्त का ठेवतात?
५. तुमच्या परिचयातील एखाद्या वृद्ध व्यक्तीचा थकवा केवळ वयामुळे आहे, असे ठरवण्यापूर्वी काय करावे? पाठाच्या आधारे आठ-दहा वाक्यांत लिहा.